ईमेलचे पाकीट, मायना आणि मजकूर

विद्यार्थी मित्रांनो, पालकहो आणि विश्वस्त मंडळी,



यंदापासून इयत्ता नववीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने शाळेच्या पत्त्यावर निदान एक ईमेल स्वतःच्या हाताने लिहून पाठवायचा, असे आम्ही ठरवले आहे. पालक सभेत हे सांगितले तेव्हा एका पालकांनी हसत हसत विचारले, "मॅडम, व्हॉट्सअ‍ॅप असताना आता ईमेल कोण लिहितो?" प्रश्न रास्त होता. घरचे निरोप, लग्नाची आमंत्रणे, पावसामुळे शाळेला सुटी असल्याची सूचना, हे सारे आता फोनवरच्या दोन ओळींत उरकते. परंतु ज्या दिवशी आपला मुलगा बाहेरगावच्या महाविद्यालयात अर्ज करतो, मुलीला शिष्यवृत्तीसाठी कागद पाठवायचे असतात, नोकरीच्या मुलाखतीचे बोलावणे येते, त्या दिवशी बहुधा ईमेलच लागतो. आणि त्या दिवशी तो शिकायला वेळ नसतो. पोहायला शिकायचे तर पूर येण्याआधी शिकावे.

फोन हातात घेऊनच मोठ्या झालेल्या मुलांना ईमेल शिकवावा लागतो का? माझा अनुभव आहे की लागतो. बटणे त्यांना आपल्याआधी सापडतात. पण कोणत्या रकान्यात काय लिहायचे आणि ते का लिहायचे, हे बटण सांगत नाही. म्हणून या अंकात ईमेलचे एकेक अंग उलगडून दाखवण्याचा प्रयत्न करते.

पत्राला अंगे असतात ही गोष्ट आपल्याला नवी नाही. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री, म्हणजेच हेमाडपंत, याच्या नावे परंपरेने सांगितली जाणारी 'मेस्तके' म्हणजे कोणाला कसा मायना लिहावा याचे नमुनेच होते. समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर लिहिला आहे. आपल्या माळव्यात महेश्वरला अहिल्याबाई होळकरांच्या दरबारात दूरदूरच्या वकिलांची मोडी पत्रे येत असत, आणि त्या पत्रांवर राज्याचा कारभार चाले.

माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. शाळेत आम्हाला 'प्रार्थना-पत्र' शिकवीत. डावीकडे 'सेवा में', खाली 'श्रीमान प्राचार्य महोदय', मग शाळेचे नाव, मग 'विषय', मग 'महोदय' आणि शेवटी 'आपका आज्ञाकारी शिष्य'. घरी मात्र आई आजोळी पत्र लिही ते निराळ्या घाटाचे. वर श्री, उजव्या कोपऱ्यात गाव आणि तारीख, 'तीर्थरूप बाबांचे सेवेशी, शि. सा. न. वि. वि.', शेवटी 'कळावे', आणि सही झाल्यावर आठवलेली गोष्ट 'ता. क.' म्हणून. एक साचा कचेरीचा, एक घरचा. पण दोघांतले प्रश्न तेच: कोण लिहितो, कोणाला लिहितो, कधी लिहितो, कशासाठी लिहितो आणि संपले कुठे. ईमेलच्या पडद्यावरचे रकाने हेच प्रश्न विचारतात.

आता एक गमतीची गोष्ट सांगते. ईमेल कसा असावा याचा जगभर पाळला जाणारा तांत्रिक नियम आहे. तो १९८२ साली ठरला आणि २००८ साली सुधारून पुन्हा लिहिला गेला. त्यानुसार ईमेलचे दोन भाग: वरचा शीर्षभाग, ज्याला हेडर म्हणतात, आणि खालचा मजकूर. दोहोंच्या मध्ये एक रिकामी ओळ. शीर्षभागात सक्तीच्या गोष्टी दोनच, पाठवल्याची तारीख आणि पाठवणाऱ्याचा पत्ता. विषय लिहिला नाही, मायना घातला नाही, खाली नाव लिहिले नाही, तरी यंत्राची काही तक्रार नसते. ते पत्र निमूटपणे पोचवते. म्हणजे यंत्राला दोनच गोष्टी लागतात; बाकीच्या साऱ्या माणसाला लागतात. ईमेल शिकायचा तो यंत्रासाठी नव्हे, पलीकडे बसलेल्या माणसासाठी.

पत्त्यापासून सुरुवात करू. पत्त्याच्या मधोमध जे वेटोळे घातलेले 'अ‍ॅट' चिन्ह असते, ते १९७१ साली रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने निवडले. तोवर एकाच संगणकावर काम करणारे लोक एकमेकांसाठी निरोप ठेवू शकत. टॉमलिन्सनने एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर निरोप धाडून दाखवला. त्यासाठी माणसाचे नाव आणि संगणकाचे नाव यांच्यामध्ये असे चिन्ह हवे होते, जे कोणाच्या नावात येत नाही. चिन्हाच्या डावीकडे माणूस, उजवीकडे त्याचे ठिकाण, अशी ही सोपी मांडणी आजही तशीच आहे.

ठिकाणाचा भाग वाचण्याची एक रीत आहे. आपल्या टपालाचा सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला. तो ज्यांनी आखला ते श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ आणि संस्कृतचे कवी, ही आपणा सर्वांच्या अभिमानाची बाब. पिनकोड डावीकडून उजवीकडे वाचत गेले की मोठ्या प्रदेशातून लहान भागात येतो. आपल्या इंदूरच्या ४५२ मधला पहिला ४ हा महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांचा सामाईक आकडा आहे. प्रांत वेगळे झाले तरी टपालखात्याने आपल्याला एका अंगणात ठेवले आहे! ईमेलच्या पत्त्यात हे उलट असते. तिथे शेवटाकडून मागे वाचायचे. सर्वांत उजवीकडे 'डॉट इन' किंवा 'डॉट कॉम' हा मोठा प्रदेश, त्याच्या डावीकडे संस्थेचे नाव. ही रीत का माहीत हवी, ते पुढच्याच घटनेवरून कळेल.

दोन वर्षांपूर्वी आमच्या खजिनदार काकांना एक ईमेल आला. पाठवणाऱ्याच्या जागी माझे पूर्ण नाव आणि हुद्दा होता. मजकूर इंग्रजीत, थोडक्यात असा: मी एका बैठकीत आहे, फोन घेऊ शकणार नाही, शाळेच्या तातडीच्या कामासाठी ४८,००० रुपये खालील खात्यात आज दुपारपर्यंत भरावेत, पावती मी नंतर देते. काकांचे वय तेव्हा शहात्तर. संगणकाचा त्यांना विशेष सराव नाही. पण त्यांनी घाई केली नाही. नावावर बोट टेकवले, तेव्हा नावाआड लपलेला पत्ता उघडा झाला. तो शाळेचा नव्हता. अक्षरे-आकडे कसेही जुळवून कोणत्याशा फुकट सेवेवर काढलेला होता. मग त्यांनी स्वतःच्या डायरीतला माझा नंबर काढून मला फोन केला. मी त्या वेळी सहावीच्या वर्गावर होते, बैठक वगैरे काही नव्हती. काका म्हणाले, "गेली पंचवीस वर्षं तू मला काका म्हणून लिहितेस. हे डिअर सर वाचलं आणि मी तिथेच थांबलो."

मुलांनो, त्या दिवशी शाळेचे ४८,००० रुपये वाचले. ते पैसे कोणा एकाचे नव्हते. वर्गण्यांतून, देणग्यांतून, तुमच्या पालकांनी भरलेल्या फीमधून जमलेले होते. माझ्या नावाने कोणी हात पसरला होता आणि मला त्याचा पत्ताही नव्हता, याचा धक्का मला बरेच दिवस पुरला.

हे कसे घडू शकते? कारण 'फ्रॉम' या रकान्यात दोन गोष्टी असतात: दिसणारे नाव आणि खरा पत्ता. दिसणारे नाव पाठवणारा स्वतः भरतो. तिथे तो माझे नाव घालील, बँकेचे घालील किंवा कलेक्टर साहेबांचे घालील; यंत्र अडवीलच असे नाही. फोनवर तर बहुधा नावच दिसते, पत्ता झाकलेला राहतो. म्हणून नाव वाचून विश्वास ठेवू नये, पत्ता उघडून पाहावा. आणि पत्ता उजवीकडून वाचावा. समजा एखाद्या शाळेचा पत्ता 'आमचीशाळा डॉट इन' असा आहे. मग 'आमचीशाळा डॉट इन डॉट फीभरा डॉट कॉम' हा पत्ता त्या शाळेचा नाही, तो 'फीभरा डॉट कॉम' वाल्याचा आहे. आधी काय लिहिले आहे याला किंमत नाही, शेवट महत्त्वाचा. इंग्रजी लिपीत 'आर' आणि 'एन' ही छोटी अक्षरे जवळजवळ आली की 'एम' सारखी दिसतात. लबाड लोक तोही फायदा घेतात. सरकारी कचेऱ्यांचे पत्ते सर्वसाधारणपणे 'जीओव्ही डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन' यावर संपतात, हेही ध्यानात ठेवावे.

काकांना मायन्यावरून संशय आला हे खरे, पण केवळ तेवढ्यावर विसंबू नका. आज संगणक शुद्ध मराठीत, गोड मायन्यासह पत्र लिहून देतो. उद्याचा ठग 'ती. काका' असेही लिहील. म्हणून पैशाची गोष्ट असेल तर पत्ता पाहावा आणि आपल्याजवळ आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून विचारावे. ईमेलमध्ये दिलेल्या नंबरवर फोन केला तर तो ठगच उचलेल. आणि दुर्दैवाने पैसे गेलेच, तर लाजून गप्प न बसता ताबडतोब १९३० या सायबर गुन्हे मदत क्रमांकावर कळवावे. जितका उशीर, तितके पैसे दूर जातात.

आता 'टू', 'सीसी' आणि 'बीसीसी' हे तीन रकाने. 'टू' मध्ये त्याचे नाव, ज्याने काम करायचे आहे. 'सीसी' म्हणजे कार्बन कॉपी. आमच्या लहानपणी टंकलेखन करताना दोन कागदांत निळा-काळा कार्बन घालीत आणि एका ठोक्यात दोन प्रती निघत. 'सीसी' मधल्या माणसाला फक्त माहितीसाठी प्रत जाते. उत्तराची अपेक्षा त्याच्याकडून नसते. कचेरीच्या पत्रात खाली 'प्रत माहितीसाठी' असे लिहितात, तेच हे. 'टू' मध्ये पाच जणांची नावे घातली की प्रत्येकाला वाटते, दुसरा कोणी पाहील. आणि काम पाचांत पडून राहते. काम ज्याचे, त्याचेच नाव 'टू' मध्ये.

'बीसीसी' म्हणजे गुप्त प्रत. इथे नाव घातलेल्याला पत्र मिळते, पण इतरांना त्याचे नाव दिसत नाही. हे कसे जमते, ते लग्नपत्रिकेवरून समजेल. आत छापलेला मजकूर सगळ्यांना सारखाच असतो. आपले नाव असते ते बाहेरच्या पाकिटावर. ईमेललाही असे एक पाकीट असते, जे आपल्याला पडद्यावर दिसत नाही. पत्र पोचवणारी यंत्रे पाकिटावरचा पत्ता पाहतात, आतला नव्हे. बीसीसीचा पत्ता पाकिटावर असतो, वाचणाऱ्यांना मिळणाऱ्या प्रतीत नसतो. चाळीस पालकांना एकच सूचना पाठवायची असेल, तर हाच रकाना वापरावा. नाही तर प्रत्येकाचा पत्ता चाळीस घरांत जातो, आणि तो तसा वाटण्याची परवानगी आपल्याला कोणी दिलेली नसते. मात्र कोणाला नकळत पत्र दाखवून डाव साधायला 'बीसीसी' वापरू नये. त्या गुप्त माणसाने चुकून सर्वांना उत्तर दिले, तर सगळे उघडे पडते.

यानंतर विषय. या एका ओळीबद्दल मला सर्वांत कळकळीने सांगायचे आहे.

आपल्याच शाळेतून शिकून गेलेली एक हुशार मुलगी. घरची परिस्थिती बेताची, वडील नाहीत, आई शिवणकाम करते. बारावीनंतर तिने एका शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला. पहिल्या यादीत तिचे नाव आले. पुढे उत्पन्नाचा दाखला ईमेलने पाठवायचा होता आणि विषयात अर्ज क्रमांक लिहा, अशी सूचना होती. तिने फोनवरून दाखल्याचा फोटो काढला आणि मुदतीच्या आत पाठवला. विषयाची जागा रिकामी. मजकुरात इंग्रजीत दोन शब्द, 'कृपया पाहावे'. खाली नाव नाही. फाइलचे नाव फोनने आपोआप दिलेले, नुसते आकडे. पत्ताही तिच्या नावाचा नव्हता, धाकट्या भावाने खेळासाठी काढलेला होता. तिकडे शेकडो पत्रांच्या ढिगात हे पत्र कोणाचे, हे कोणालाच कळले नाही. दाखला मिळाला नाही म्हणून नाव गळले. आई शाळेत आली तेव्हा मुदत संपून तीन आठवडे झाले होते. मी चिठ्ठी दिली, फोन केले. निर्णय फिरला नाही. मुलीला शहरातल्याच महाविद्यालयात प्रवेश घेऊन संध्याकाळी दुकानात काम करावे लागले. आज ती पायावर उभी आहे. मागच्या स्नेहसंमेलनाला आली होती, तेव्हा म्हणाली, "मॅडम, नाव सांगू नका, पण माझी गोष्ट नववीला नक्की सांगा." म्हणून सांगितली.

तिकडच्या कचेरीने थोडे कष्ट घेतले असते तर, असे माझ्याही मनात येते. पण दुसऱ्याच्या कष्टावर आपले भवितव्य टांगून ठेवू नये. यंत्राने तिचे पत्र अगदी वेळेवर पोचवले होते. पोचले नाही ते माणसापर्यंत.

विषय म्हणजे प्रार्थना-पत्रातली 'विषय' ही ओळ, जशीच्या तशी. 'नमस्कार', 'महत्त्वाचे', 'अर्जंट' हे विषय नव्हेत. 'इयत्ता नववी ब, हजेरी क्रमांक १७, दाखल्यासाठी विनंती' हा विषय झाला. पत्र न उघडता काम कळले पाहिजे आणि सहा महिन्यांनी शोधले तरी सापडले पाहिजे. विषय बदलला तर नवीन ईमेल लिहावा. सहलीच्या पत्राला उत्तर देत त्यात फीची चौकशी करू नये.

विषयाखाली मजकूर. त्याची सुरुवात मायन्याने करावी. 'हाय' आणि 'डिअर सर' यांच्या पलीकडे आपल्या भाषेत पुष्कळ चांगले शब्द आहेत. 'मा. प्राचार्य महोदय, सप्रेम नमस्कार' हे ईमेलमध्येही शोभते. पहिल्या वाक्यात आपण कोण आणि दुसऱ्यात काय हवे, ते सांगावे. एका पत्रात एकच काम. तारीख, क्रमांक, रक्कम ही अंकांत आणि नेमकी. शेवटी 'आपला' किंवा 'आपली', खाली पूर्ण नाव, इयत्ता, तुकडी आणि फोन. हस्ताक्षर नाही म्हणून नाव गाळण्याची सवलत मिळत नाही. उलट हस्ताक्षर ओळखू येत नाही म्हणूनच नाव अधिक जरूर. इंग्रजी लिहिताना सगळी अक्षरे मोठी लिहू नयेत, ते ओरडल्यासारखे वाटते. आणि रागात लिहिलेला ईमेल ड्राफ्टमध्ये ठेवून एक रात्र झोपावे.

मराठीत लिहिता येते का, असे मुले विचारतात. आता अगदी सहज येते. पण हे सुख फार जुने नाही. ईमेलचे मूळ नियम इंग्रजी अक्षरे आणि आकडे यांपुरतेच होते. १९९२ साली नॅथॅनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड या दोघांनी 'माइम' नावाची पद्धत मांडली. तिच्यामुळे इतर लिप्या, चित्रे, आवाज हे सारे ईमेलमधून जाऊ लागले. तरीही पुढे बरीच वर्षे पुण्या-मुंबईहून आलेले मराठी पत्र उघडले की पडद्यावर विचित्र चिन्हांची रांग दिसे, कारण त्यांचा फाँट आपल्याकडे नसे. युनिकोड रुळले आणि हा त्रास सरला. आता इंदूरहून लिहिलेले 'ळ' बडोद्यातही 'ळ' च दिसते आणि अमेरिकेतल्या नातवाच्या फोनवरही. तेव्हा आजीला ईमेल करताना रोमन लिपीत 'कशी आहेस' लिहू नका. देवनागरी कळफलक फोनमध्ये आहे, तो वापरा.

त्याच 'माइम' मुळे अटॅचमेंट, म्हणजे जोडपत्र, शक्य झाले. प्रवासासाठी यंत्र फाइलचे रूपांतर साध्या अक्षरांत करते आणि त्यात तिचा आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. म्हणून २५ एमबीची मर्यादा असेल, तर बरोबर २५ एमबीची फाइल जाईलच असे नाही. दाखल्याचा तिरपा, अंधारा फोटो पाठवण्याऐवजी सरळ स्कॅन करून पीडीएफ करावी. फाइलला नाव द्यावे: आपले नाव, कागदाचे नाव, वर्ष. मजकुरात 'सोबत दोन कागद जोडले आहेत' असे लिहावे, म्हणजे एक राहिला तर वाचणारा विचारील. आणि अनोळखी माणसाचे जोडपत्र उघडू नये; रस्त्यावर पडलेला डबा आपण घरी आणून उघडतो का?

तारीख आणि वेळ यंत्र स्वतः घालते. आपल्या देशाच्या २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने इलेक्ट्रॉनिक मजकुराला लेखी मजकुरासारखी मान्यता दिली आहे. दोघांचे वेगळे काही ठरलेले नसेल, तर ईमेल आपल्या ताब्याबाहेरच्या यंत्रणेत शिरला की 'पाठवला' असे तो कायदा मानतो. म्हणजे मुदतीच्या आत लिहून ड्राफ्टमध्ये पडलेले पत्र हे पाठवलेले पत्र नव्हे. पाठवल्यावर 'सेंट' मध्ये जाऊन पाहावे. पत्त्यात एक अक्षर चुकले तर पत्र परत आल्याची सूचना बहुधा इंग्रजीत येते. ती कचरा समजून पुसू नये. उत्तराची वाट असेल तेव्हा 'स्पॅम' ची पेटीही रोज उघडून पाहावी.

काही भाग पडद्याआड असतात. ईमेल ज्या ज्या यंत्रांतून जातो, ते प्रत्येक यंत्र वेळेसह आपली एक ओळ वर जोडते, पाकिटावर पडणाऱ्या टपालाच्या शिक्क्यांसारखी. नवी ओळ सर्वांत वर, म्हणून हा प्रवास खालून वर वाचायचा. शिवाय एक मोहोर असते. जुन्या मराठी पत्रांत मजकूर संपला की मोर्तब करीत, म्हणजे पुढे कोणी ओळ घुसडू नये. तसेच आज पाठवणाऱ्या संस्थेचे यंत्र मजकूर आणि शीर्षभागातल्या काही ओळी यांवर गणिती मोहोर उठवते. वाटेत कोणी मजकूर बदलला तर मोहोर जुळत नाही. अर्थात मोहोर खरी म्हणून माणूस सज्जन, असे नव्हे. ठगही स्वतःच्या पत्त्याची मोहोर खरीच लावतो. म्हणून पुन्हा तेच: पत्ता कोणाचा, ते डोळ्यांनी वाचावे.

शेवटी उत्तरे. 'रिप्लाय' एकाला, 'रिप्लाय ऑल' सर्वांना. 'धन्यवाद' एवढेच म्हणायचे असेल तर साठ जणांना कशाला? आणि 'फॉरवर्ड' करताना खाली आधीची सगळी पत्रे लटकत जातात. त्यात कोणाची खासगी गोष्ट तर नाही ना, हे तळापर्यंत वाचून मगच पुढे धाडावे. दुसऱ्याचे पत्र उघड्यावर वाचू नये, हा आपल्या घरांतला जुना संस्कार आहे. तो फोनमध्येही लागू आहे.

विद्यार्थी मित्रांनो, या महिन्याचे काम असे. आपल्या नावाचा साधा, गंभीर पत्ता पालकांच्या देखरेखीखाली काढा आणि शाळेला एक पत्र लिहा. विषय, मायना, एक विनंती, एक नाव दिलेले जोडपत्र आणि खाली पूर्ण नाव. प्रत्येकाला आम्ही उत्तर पाठवू आणि काय राहिले तेही कळवू. पालकांना विनंती, मुलांचे पत्र तुम्ही लिहून देऊ नका, फक्त शेजारी बसा. आणि त्याच बैठकीत आजी-आजोबांना नावामागचा पत्ता कसा उघडतात ते मुलांकडून दाखवून घ्या. विश्वस्त मंडळींना एवढेच सांगते की माझ्या नावाने पैशाची मागणी करणारे पत्र आले, तर ते खरे वाटले तरी मला फोन करावा. मी वर्गावर असले तरी फोन उचलीन.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

आपली,
प्राचार्या

ता. क. : पत्र पाठवण्याआधी विषयाची जागा भरली का, ते एकदा पाहा.